आडनावापलीकडचे मत

बेलापूर विधानसभा मतदारसंघाचा निकाल 23 नोव्हेंबर 2024 रोजी लागला. मंदा म्हात्रे यांना 91,852 मते पडली, संदीप नाईक यांना 91,475. फरक 377 मतांचा. आमचे नेरूळ याच मतदारसंघात येते. त्या संध्याकाळपासून पुढचे दोन-तीन आठवडे मी जिथे जिथे गेलो तिथे कोणी ना कोणी या 377 मतांचा हिशेब मांडत बसलेला दिसला. सेक्टरच्या कट्ट्यावर ऐकले, ही मते आम्हा सातारकरांची. भाजीच्या गाडीवर कोणी सांगितले, मल्याळी मते फिरली म्हणून निकाल फिरला. हार्बरच्या डब्यात उत्तर भारतीयांच्या मतांवर पैज लागली होती. करावे गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मात्र हळू आवाजात म्हटले, ‘आमची आगऱ्यांची मते दोन्हीकडे वाटली गेली, दुसरे काही नाही.’

यातले कोणीच खोटे बोलत नव्हते. फक्त 189 माणसांनी दुसरे बटण दाबले असते तर निकाल उलटा लागला असता, आणि 189 मतदार नेरूळच्या एका मध्यम सोसायटीत सहज भरतात. एवढ्या थोड्या मतांवर कोणत्याही समाजाला हक्क सांगता येतो. पण सगळ्यांचाच हक्क खरा धरला, तर मतदाराच्या मनात काय होते हे कळायला त्यातला एकही उपयोगाचा राहत नाही. हे पुस्तक त्या आठवड्यांत सुरू झाले. नेरूळमध्ये राहणारे आम्ही काही जण शेजाऱ्यांशी, ओळखीपाळखीच्या माणसांशी बोलत गेलो, बोलणे झाले की घरी येऊन लिहून ठेवत गेलो. तीच टिपणे पुढच्या पानांत आहेत. ती वाचण्याआधी आम्ही काय शोधत होतो आणि ते असेच का शोधले, हे सांगणे माझ्याकडे आले आहे.

‘एकगठ्ठा मते’ हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातला गठ्ठा कोण बांधतो हे विचारायचे राहून जाते. मतदार स्वतःबद्दल बोलताना हा शब्द कधीच वापरत नाही. तो वापरतात उमेदवाराचे कार्यकर्ते, बातमीदार आणि समाजाचे म्हणवणारे पुढारी. निवडणूक जवळ आली की नवी मुंबईत समाजांचे मेळावे भरू लागतात. अमुक जिल्हा रहिवाशांचा मेळावा, तमुक भाषकांचे स्नेहसंमेलन. व्यासपीठावरून समाजभवनासाठी भूखंडाची मागणी होते, पाहुणे आश्वासन देतात आणि पुढारी आपल्या मागे किती हजार मते आहेत ते सांगून टाकतो. त्या आकड्याला कोणी हिशेब मागत नाही. समोर बसलेल्या बाया-माणसांना तर कोणी विचारलेलेच नसते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. मतांचा गठ्ठा बांधण्याचा एक मोठा आणि फार बारकाईने मोजला गेलेला प्रयोग अमेरिकेत झाला. तिथल्या लॅटिनो मतदारांचा. नेरूळच्या पुस्तकात हे कशाला, असे वाटेल. पण ही गोष्ट कळली की आपल्या गल्लीतली गोष्ट स्वच्छ दिसू लागते, म्हणून थोडे थांबतो.

मेक्सिकोतून टेक्सासच्या शेतांवर गेलेला मजूर, कास्त्रोच्या राजवटीला कंटाळून मायामीत उतरलेला क्युबाचा दुकानदार, न्यूयॉर्कच्या कारखान्यात राबणारी प्वेर्तो रिकोची बाई, ही सगळी माणसे स्वतःला एक समाज मानत नव्हती. त्यांची भाषा स्पॅनिश, पण देश वेगळे, स्थलांतराची कारणे वेगळी, रंगही वेगळे. सरकारने आणि चळवळींनी मिळून त्यांना एका नावाखाली आणले. 1980च्या जनगणनेत पहिल्यांदा प्रत्येक घराला विचारले गेले, की तुम्ही हिस्पॅनिक आहात का. त्या नावाचा फायदाही झाला. आकडा दिसू लागला की शाळा, दवाखाने, प्रतिनिधित्व मागता येते. मात्र रकाना झाला की गठ्ठाही होतो. दर चार वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक आली की ‘लॅटिनो मते कोणाला’ हा प्रश्न ठरलेला.

2012 साली ओबामांना यातली सुमारे 71 टक्के मते मिळाल्याचे मतदानोत्तर पाहणीत दिसले, आणि हा समाज आता डेमोक्रॅटिक पक्षाचाच, असे जाणत्या माणसांनी लिहून ठेवले. बारा वर्षांनी, 2024 मध्ये, डोनाल्ड ट्रम्प यांना याच मतदारांपैकी एका पाहणीनुसार 46 टक्के, तर दुसरीनुसार 43 टक्के मते पडली. टेक्सासच्या सीमेवरचा स्टार परगणा जवळजवळ सगळा मेक्सिकन वंशाचा. 1892 नंतर पहिल्यांदाच तो रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने गेला. मायामी-डेडने 1988 नंतर पहिल्यांदा तेच केले. पण दोन्हीकडची कारणे एक नव्हती. मायामीतल्या क्युबन घरांत साम्यवादाचा धाक दोन पिढ्या जुना आहे. सीमेवरच्या घरांत किराण्याचे भाव होते, तेल-वायूच्या क्षेत्रातल्या नोकऱ्या होत्या, आणि आपण रांगेत उभे राहून कायद्याने आलो, मग इतरांनी तसेच का येऊ नये, ही भावनाही होती. आधी आलेल्याला नंतर येणाऱ्याबद्दल काय वाटते, हे नेरूळच्या कोणत्याही भाडेकरूला सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. प्वेर्तो रिकोत जन्मलेला माणूस 1917 पासून अमेरिकेचा नागरिक आहे. पण बेटावर राहत असेल तर त्याला अध्यक्ष निवडता येत नाही. तोच माणूस विमानात बसून फ्लोरिडाला राहायला गेला, की त्याला मत मिळते. माणूस तोच आणि त्याची पसंतीही तीच असते. तो कोणत्या यादीत आहे एवढ्यावर सगळे ठरते. आमच्या नेरूळची अर्धी कहाणी यातच आहे, आणि ती मला माझ्या घरातून ठाऊक आहे.

माझे वडील माथाडी कामगार. गाव पाटण तालुक्यातले. मशीद बंदरच्या कांदा-बटाटा बाजारात ते पाठीवर पोती वाहत. 1980च्या दशकात बाजार वाशीला हलू लागला, तसे आमचे घरही खाडी ओलांडून आले आणि शेवटी नेरूळच्या एलआयजी, म्हणजे अल्प उत्पन्न गटाच्या, घरात स्थिरावले. ज्या कायद्याने वडिलांच्या पाठीवरच्या ओझ्याला मजुरीची आणि भविष्यनिर्वाह निधीची हमी दिली तो माथाडी कायदा 1969 चा. अण्णासाहेब पाटलांनी तो लढून मिळवला. आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी त्यांची तसबीर असे. वडिलांचे रेशनकार्ड, गॅस, बँकेचे खाते, पोरांच्या शाळा, सगळे नेरूळला. मतदार यादीतले नाव मात्र गावी.

का, हे मी त्यांना विचारले होते. तेव्हा ते म्हणाले, ‘यादीतून नाव गेले म्हणजे गावातून नाव गेले.’ सातबारावर नाव आहे, जमीन कुठे जात नाही, हे त्यांनाही कळत होते. तरी ग्रामपंचायतीची निवडणूक आली की गावाकडून ट्रॅव्हल्सची गाडी येई. चार-पाच मतांनी सदस्य निवडून येतो किंवा पडतो, अशा गावात मुंबईकरांच्या दहा मतांना फार भाव असतो. गाडी रात्री नेरूळहून निघे, सकाळी मतदान, संध्याकाळी परत. त्या एका दिवसात वडिलांना गावात जो मान मिळे तो वर्षभर बाजारात पोती वाहून मिळत नसे. त्यांची मतदानाची पसंती पक्षाची नव्हती, गावाची होती.

आमच्या वस्तीतल्या कित्येकांची नावे दोन्हीकडे होती. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 सालचा आहे आणि त्यात याबद्दल कसलाही आडपडदा नाही: एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत, तेही एकदाच. दोन ठिकाणी नाव ठेवणे चूक आहे, मग कारण कितीही हळवे असो. मार्च 2014 मध्ये नवी मुंबईत माथाडींच्या मेळाव्यात शरद पवार यांनी दोन टप्प्यांतल्या मतदानाचा उल्लेख केला. साताऱ्याचे मतदान 17 एप्रिलला, ठाण्याचे 24 एप्रिलला. गावी मत देऊन या, शाई पुसा आणि इथेही द्या, अशा अर्थाचे ते बोलणे होते. त्यावर गदारोळ झाला, निवडणूक आयोगाने नोटीस काढली आणि ते बोलणे थट्टेचे होते असा खुलासा त्यांनी केला. त्या दिवशी मेळाव्यात हसलेल्या माणसांपैकी अनेक जण आमच्या इमारतीतले होते. ते हसले, कारण हे सगळे त्यांना आधीपासून माहीत होते.

विधानसभेचे गणित मात्र निराळे. 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही वेळी महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान एकाच दिवशी झाले. त्या दिवशी माथाडी माणसाला निवड करावी लागते: पाटणला जायचे, कोरेगावला जायचे, की नेरूळच्या शाळेतल्या बूथवर जायचे. म्हणजे कोणाला मत द्यायचे याच्या आधी कुठे मत द्यायचे हे ठरते. 20 नोव्हेंबर 2024 च्या आदल्या रात्री नेरूळहून किती गाड्या घाटावर गेल्या हे कोणी मोजले नाही. 377 मतांचा अर्थ लावणारा एकही माणूस त्या गाड्यांबद्दल बोलत नाही, याचे मला आजही नवल वाटते.

आता दुसऱ्या, आगरी-कोळ्यांच्या गठ्ठ्याकडे येतो, जो सगळ्यांत पक्का समजला जातो. नेरूळ, शिरवणे, करावे, दारावे, सारसोळे, कुकशेत ही इथली मूळ गावे. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांची भातशेती, मिठागरे, खाजणे शहरासाठी घेतली जाऊ लागली. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच माणसे पोलिसांच्या गोळीबारात गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यामुळे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आगरी-कोळी माणूस या एका आठवणीभोवती उभा राहतो, हे अगदी खरे. 24 जून 2021 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून सिडको भवनाला घेराव घालायला जी माणसे गेली, त्यांत सगळ्या पक्षांचे झेंडे घरी ठेवून आलेले लोक होते. मी त्या दिवशी नेरूळच्या गावठाणातून घराघरातून बाहेर पडणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. तशी एकी मी पूर्वी पाहिली नव्हती.

मग त्याच माणसांनी तीन वर्षांनी काय केले? बेलापूरमध्ये प्रमुख लढत ज्या दोन उमेदवारांत झाली ते दोघेही भूमिपुत्र. नावाच्या आंदोलनात एक असलेली घरे मताच्या दिवशी दोन झाली, काही घरांत तर भावाभावांत. याला फूट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दि. बां.चे नाव हा मानाचा प्रश्न होता, त्यात दोन मते असण्याचे कारण नव्हते. मतदानाच्या दिवशी समोर होते गरजेपोटी बांधलेले घर. कुटुंब वाढले, भूखंड मिळायला वर्षे लागली, म्हणून गावठाणालगत माणसांनी घरे चढवली. ती नियमित कोण करून देईल, कोणाचा शब्द सिडकोत चालतो, याबद्दल प्रत्येक घराचा अनुभव वेगळा. कोणाचे काम एका नेत्याने केलेले, कोणाचे दुसऱ्याने. मत त्या अनुभवाला गेले.

पूर्वी शेकापचा लाल बावटा धरणारी हीच गावे नंतर शिवसेनेत गेली, राष्ट्रवादीत गेली, भाजपत गेली. बाहेरचा माणूस याला चंचलपणा म्हणतो. मला यात एक चिवट सातत्य दिसते. पक्ष बदलत गेले, घराच्या आणि जमिनीच्या कागदाचा प्रश्न तोच राहिला.

नेरूळच्या मतदाराची पसंती काय, या प्रश्नाचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उत्तर एका वर्षाच्या तारखांत आहे. 24 एप्रिल 2014 रोजी लोकसभेसाठी मतदान झाले. ठाणे मतदारसंघातून शिवसेनेचे राजन विचारे निवडून आले आणि नवी मुंबईचेच संजीव नाईक 2,81,299 मतांनी हरले. 15 ऑक्टोबर 2014 ला विधानसभा झाली. सगळे मोठे पक्ष वेगवेगळे लढले. बेलापूरमध्ये भाजपच्या मंदा म्हात्रे यांनी गणेश नाईक यांना 1,491 मतांनी हरवले. शिवसेनेचे विजय नाहटाही फार मागे नव्हते. त्यानंतर 22 एप्रिल 2015 ला महापालिकेचे मतदान झाले. 111 जागांपैकी राष्ट्रवादीला 52, शिवसेनेला 38, काँग्रेसला 10 आणि सहाच महिन्यांपूर्वी आमदारकी जिंकलेल्या भाजपला फक्त 6.

पहिल्या मतदानापासून तिसऱ्यापर्यंत पूर्ण एक वर्षही झाले नव्हते, दोन दिवस कमी होते. यादी बहुतेक तीच, बूथ तेच, माणसे तीच. तीन निवडणुकांत तीन पक्ष वर आले. या वर्षभरात कोणत्या समाजाचा गठ्ठा कुठून कुठे गेला? कुठेही गेला नाही, कारण गठ्ठा नव्हताच. लोकांनी देशासाठी एक माप लावले, आमदारासाठी दुसरे आणि नळाला पाणी आणणाऱ्या, गटार उघडे राहिले तर रात्री फोन उचलणाऱ्या नगरसेवकासाठी तिसरे. हे मला कोणा अभ्यासकाने शिकवले नाही. आमच्या मजल्यावरच्या एका तमिळ आजींनी सांगितले. गेली पस्तीस वर्षे त्या नेरूळमध्ये आहेत आणि आमच्या आईशी मराठीतच बोलतात. त्यांच्या शब्दांत, ‘मोठ्या मताला टीव्ही बघून जायचे, लहान मताला खिडकीतून बघून जायचे.’ त्यांच्या खिडकीतून कचऱ्याची कुंडी दिसते.

दक्षिण भारतीय मते, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात केरळची परिचारिका येते, चेंबूरहून निवृत्त होऊन आलेला तमिळ बँक कर्मचारी येतो, उडुपीचा हॉटेलवाला येतो आणि तेलुगू बांधकाम मजूरही येतो. वाशी स्थानकाजवळ राज्याराज्यांची भवने उभी आहेत, नेरूळमध्ये अय्यप्पाचे मंदिर आहे, बालाजीचे आहे, आगरी-कोळी भवनही आहे. माणसे सणाला तिथे जमतात, लग्नकार्याला जमतात. तिथल्या गर्दीवरून मतांचा अंदाज बांधणे म्हणजे गणपतीच्या रांगेत उभे असलेल्यांना पक्ष विचारण्यासारखे आहे. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगो मरून पडू लागले तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या नागरिकांत कोण कुठल्या प्रांताचा हे ओळखता आले नसते. त्यांनाही मत आहे, आणि त्या मताला रकाना नाही.

मग पसंती कळणार कशी? अमेरिकेत मतदान करून बाहेर पडणाऱ्याच्या हातात फॉर्म देतात आणि त्यावर वंश विचारतात. तरी दोन पाहण्यांत तीन टक्क्यांचे अंतर पडते, हे वर आलेच आहे. आपल्याकडे लोकनीतीसारख्या संस्थेने मतदानोत्तर सर्वेक्षणाची शिस्त घालून दिली आणि सुहास पळशीकरांसारख्या अभ्यासकांनी त्यातून महाराष्ट्राचे राजकारण मराठी वाचकाला समजावून दिले. पण ती पाहणी राज्याची असते. राज्याच्या नमुन्यातून नेरूळच्या एका सेक्टरचे मन काढता येत नाही, तसा त्या अभ्यासकांचा दावाही नसतो.

उरतो तो फॉर्म 20, म्हणजे बूथनिहाय निकालाचा तक्ता. कार्यकर्ता त्यावर जगतो. कोणत्या शाळेतल्या कोणत्या खोलीत किती मते कोणाला पडली हे त्यात असते. बूथवर हजार-दीड हजार नावे; त्यामुळे कोणत्या इमारतींनी साथ दिली आणि कोणत्या इमारतींनी नाही, हे दुसऱ्या दिवशी तोंडपाठ होते. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक बूथची मते एकत्र मिसळून मोजता येत. यंत्रांसाठीही तशी जोडणी असावी, टोटलायझर वापरावा, असे निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवले, विधी आयोगानेही 2015 मध्ये शिफारस केली. ते झाले नाही. परिणाम असा, की माणसाचे मत गुप्त राहते, पण वस्तीचे मत उघडे पडते. निवडणुकीनंतर एखाद्या वस्तीचा रस्ता वर्षभर खोदलेला का राहिला, याचे कारण तिथले रहिवासी फॉर्म 20 मध्ये शोधतात. त्यांचा संशय प्रत्येक वेळी बरोबर असेल असे नाही. पण संशय घ्यायला जागा राहते हेच मला मुळात चुकीचे वाटते. टोटलायझरची मागणी नागरिकांनी लावून धरायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मतदार यादीबद्दलही संशयाला अशीच जागा राहते. ऑक्टोबर 2025 मध्ये पालिका आयुक्तांच्या नेरूळमधल्या निवासस्थानाच्या पत्त्यावर मतदार नोंदले गेल्याचा आरोप मनसेने केला आणि राज्यभर चर्चा झाली. 1 नोव्हेंबरला मुंबईत विरोधी पक्षांनी यादीतल्या घोळावर मोर्चा काढला. दुबार नावांवर खुणा करण्याचे काम राज्य निवडणूक आयोगाला करावे लागले. मे 2020 पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेचे मतदान शेवटी 15 जानेवारी 2026 रोजी झाले, तेही 28 प्रभागांच्या पॅनल पद्धतीने. साडेपाच वर्षांहून अधिक काळ ज्या शहराला नगरसेवकच नव्हता, तिथल्या लोकांना पसंती विचारणे हीसुद्धा एक जबाबदारी आहे. आम्ही भेटलेल्या अनेक तरुणांनी नगरसेवक निवडण्याचा अनुभवच घेतला नव्हता.

या सगळ्यामुळे पुस्तकाची मांडणी आम्ही समाजावर केली नाही. सुरुवातीला तसे करून पाहिले होते: एक प्रकरण आगरी-कोळ्यांचे, एक घाटावरच्यांचे, एक कोकणातल्यांचे, एक दाक्षिणात्यांचे, एक हिंदी भाषकांचे. टिपणे त्या खणांत बसेनात. एकाच आडनावाची दोन माणसे पूर्ण उलट बोलत आणि तीन भाषांतली तीन माणसे एकच वाक्य बोलत. मग एका संध्याकाळी लक्षात आले, की एकच वाक्य बोलणारी माणसे एकाच प्रकारच्या घरात राहतात. म्हणून प्रकरणे घरांवर केली. गावठाणातले गरजेपोटीचे घर. सिडकोने बांधलेले आणि आता पुनर्विकासाची वाट पाहणारे एलआयजी घर. सोसायटीतला स्वतःचा फ्लॅट. अकरा महिन्यांच्या करारावरचे भाड्याचे घर. आणि डोंगराकडेला, जुन्या दगडखाणींजवळची झोपडी, जिच्या पुराव्याचा कागद ट्रंकेत सगळ्यांत खाली जपलेला असतो.

यातले भाड्याच्या घराचे प्रकरण सर्वांत मोठे झाले आहे, आणि ते तसेच ठेवले. दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या माणसाचे नाव यादीत टिकणे किती कठीण असते, पत्ता बदलण्याचा फॉर्म 8 भरूनही ते जुन्याच पत्त्यावर कसे राहते, आणि मतदानाच्या दिवशी बूथवरून परत फिरलेली बाई घरी येऊन काय म्हणते, हे त्यात आहे. माझ्या आईचे नाव एकदा असेच यादीतून गायब झाले होते. आम्ही घर बदललेलेही नव्हते. त्या दिवशी ती नवीन साडी नेसून गेली होती. परत आल्यावर तिने ती घडी करून ठेवली आणि कामाला लागली. लॅटिनोंपासून लाडक्या बहिणींपर्यंत मतदारांच्या पसंतीवर जगभर इतके लिहिले जाते, पण पसंती असूनही ती नोंदवता न आलेल्या माणसांवर फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या पुस्तकात त्यांच्यासाठी पाने राखली आहेत.

पुस्तकात टक्केवारी नाही. आम्ही नमुना निवडला नव्हता, भेटेल त्याच्याशी बोललो, तेव्हा टक्के काढणे अप्रामाणिक झाले असते. कोणाचेही नाव नाही, इमारतीचा क्रमांक नाही. कोणी कोणाला मत दिले हे आम्ही विचारले नाही. ज्यांनी आपण होऊन सांगितले त्यांचेही ते वाक्य काही ठिकाणी गाळले आहे. विचारले ते एवढेच: शेवटचे मत देताना डोळ्यांसमोर काय होते? उत्तरे लांबली, वळणे घेत गेली, काहींनी आधी सांगितलेले नंतर बदलले. ती जशी आली तशी दिली आहेत.

वडिलांनी निवृत्तीनंतर गावच्या यादीतून नाव काढून नेरूळला आणले. तो फॉर्म त्यांनी माझ्याकडून भरून घेतला आणि सही करायच्या आधी बराच वेळ हातात धरून बसले. त्यांचे टिपणही या पुस्तकात आहे. कोणते ते मी सांगणार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. अनुक्रमणिका उघडल्यावर तुमचा हात आपोआप तुम्ही राहता तशा घराच्या प्रकरणाकडे जाईल. ते शेवटी वाचा. सुरुवात तुम्ही कधीच राहिला नाहीत त्या घरापासून करा.